इचारून ये

हिवराळे मॅडम आमच्या वर्गावर पहिल्यांदा आल्या, त्या दिवशी त्यांनी स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नाही. हजेरी घेतली नाही, खडू उचलला नाही. ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीची सुती साडी आणि साडीखाली पांढरे बूट, धावायला घालतात तसले. पहिल्या बाकावर मी आणि वैशाली बसलो होतो. मॅडम आमच्यासमोर येऊन थांबल्या आणि वैशालीकडे बोट दाखवून मला म्हणाल्या,

"हिच्या आईचं नाव काय?"

वैशाली आणि मी पाचवीपासून एका बाकावर. अकरावीत आलो तरी बाक सुटला नव्हता. तिच्या आईच्या हातची मिरची-भाकर मी कितीदा खाल्ली असेल. पण नाव? मी वैशालीकडे पाहिलं, ती माझ्याकडे बघून हसायला लागली.

"माहीत नाई, मॅडम."

"घरी जाते का तिच्या?"

"हाव."

"मंग काऊन माहीत नाई?"

वर्ग फिदीफिदी हसला. मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. खरोखरच नवल वाटल्यासारख्या पाहत राहिल्या. मग पुढच्या बाकाकडे गेल्या. पूर्ण तासभर त्यांनी हाच एक प्रश्न विचारला. शेजारच्याच्या आईचं नाव सांगणारं वर्गात जवळजवळ कोणी निघालं नाही. घंटा वाजली तेव्हा त्या दारात वळून म्हणाल्या, "उद्या इचारून या."

आमचं गाव मोताळा तालुक्यातलं. धामणगाव बढ्याचा बाजार हा आमचा बाजार, आणि बाहेरचं जग म्हणजे बुलढाणा. कनिष्ठ महाविद्यालय गावातच होतं. तिथे मॅडम राज्यशास्त्र शिकवायला आल्या होत्या. पण राज्यशास्त्र दुसऱ्या दिवशीही सुरू झालं नाही. त्या दिवशी वर्गात नुसता कलकलाट होता. वैशालीच्या आईचं नाव शांताबाई निघालं. एकाला स्वतःच्याच आईचं माहेरचं नाव त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं होतं. तो ते परत परत सगळ्यांना सांगत होता.

आमच्या वर्गात दाराकडची मुलं वेगळी आणि खिडकीकडची वेगळी. दाराकडे आमच्या आळीतली पाटील-देशमुखांची, कुणब्यांची मुलं. खिडकीकडे वस्तीतली, म्हणजे बौद्ध घरांतली. असं बसा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, आणि असं बसू नका म्हणूनही कोणी सांगितलं नव्हतं. मॅडमनीही जागा बदलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी फक्त माझा चुलतभाऊ विशाल याला उभं केलं आणि खिडकीजवळच्या सिद्धार्थकडे हात दाखवला.

"याच्या आईचं नाव?"

विशालनं नकारार्थी मान हलवली.

"इचारून ये."

विशाल त्या संध्याकाळी वस्तीत गेला. आयुष्यात पहिल्यांदाच गेला असं तो नंतर म्हणाला, आणि वस्ती आमच्या घरापासून हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. सिद्धार्थच्या दारात उभं राहून त्यानं विचारलं, तेव्हा आतून ती बाई पीठ भरल्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "माहं नाव कायले पाह्यजे बाबू? राशन कार्डाचं काही आलं का?"

"नाई, शाळेत इचारलं."

"शाळेत? माहं नाव?" ती बराच वेळ हसत होती म्हणे. मग म्हणाली, "कमल. लिहून घे, नाईतं इसरशील."

मॅडमची ही सवय पुढे आम्हाला पाठ झाली. त्यांना कशाचंही कुतूहल होतं, आणि ते लपवायची त्यांना कधी गरज वाटली नाही. बाजारात चिंच घेताना त्या चिंचवालीला विचारत, झाडावर चढतं कोण? पंक्चर काढणाऱ्याजवळ उकिडव्या बसून पाहत. कोणी मोठ्या आवाजात बोलत असलं की थांबून ऐकत, आणि त्याचं बोलणं संपलं की म्हणत, "मंग?" भुवया वर करून म्हटलेला तो 'मंग' हीच त्यांची शाबासकी होती. निराळी शाबासकी त्यांनी कोणाला दिल्याचं मला आठवत नाही. स्वयंपाक त्यांना येत नसे. करपल्याचा वास आला की आमच्या आळीत सगळ्यांना कळे की मॅडमनी आज भाजी केली.

त्या आमच्याच आळीत राहत होत्या, मोठ्या बाबांच्या घराच्या समोरच्या खोलीत. मोठे बाबा म्हणजे विशालचे वडील, माझ्या बाबांचे थोरले भाऊ. गावातली पिठाची गिरणी त्यांची. हिवराळे हे बौद्धांतलं आडनाव ऐकून घरात आधी कुरकूर झाली. मग मोठी आई म्हणाली, "मास्तरीण हाये, राहू द्या." आणि त्या राहिल्या. नंतर मोठे बाबाच पाहुण्यांना सांगू लागले, "आमच्याकडे कॉलेजच्या मॅडम राह्यतात."

प्रश्न विचारणाऱ्या माणसाकडून चूकही होते. वर्गात एक नवी मुलगी आली होती, फार बोलायची नाही. मॅडमनी तिला सगळ्यांदेखत विचारलं, "तुह्या घरी कोण कोण हाये?" ती जी रडायला लागली, ती तास संपेपर्यंत थांबली नाही. तिचे वडील घर सोडून गेले होते. दुसऱ्या दिवशी मॅडम वर्गात आल्या, टेबलाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काल माही चूक झाली. काही गोष्टी चारचौघात इचाराच्या नसतात. मले हे ठाव असाले पाह्यजे होतं." एवढ्या वयाचं माणूस मुलांसमोर असं म्हणताना आम्ही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. वर्गात कोणाला कुठे पाहावं ते कळेना.

वर्गप्रमुख दर सोमवारी बदलायचा, हा त्यांचाच नियम. हुशार, खोडकर, मुखदुर्बळ, कोणाचीच सुटका नाही. वर्गप्रमुखानं फळा पुसायचा नाही, गप्प बसवायचं नाही, नावं लिहायची नाहीत. त्यानं फक्त एवढं शोधायचं, की या आठवड्यात कोणाला काय अडतंय. आणि ते मॅडमना न सांगता सोडवायचं.

वैशालीची पाळी आली तेव्हा तिनं शोधून काढलं की शेतांत राहणाऱ्या घरांतून येणाऱ्या मुलींना एसटी फाट्यावर घेत नाही. चालक हात दाखवून निघून जातो. त्या मुली चालत येतात, उशीर होतो, आणि त्यांतल्या दोघींच्या घरी आता शाळाच बंद करायचं बोलणं चाललंय. वैशाली मॅडमकडे धावत गेली. मी सोबत होते. मॅडम निंबाखाली फुटाणे खात बसल्या होत्या.

"मॅडम, डेपोत जावं लागते. तुम्ही चला ना."

"मी काऊन येऊ? मले थोडीच बसाचं हाये त्या गाडीत?"

"आमचं कोण आयकन तिथं?"

"ते मले काय माहीत? जाऊन पाहा."

वैशालीला राग आला. मलाही आला. चालत येणाऱ्या मुलींना घेऊन ती डेपोत गेली. साहेब नव्हते. दुसऱ्यांदा गेली, तर साहेबांनी अर्ज आणा म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं वेगळंच केलं. ती फाट्यावर उभी राहिली, गाडी हळू झाली तशी चालकाच्या खिडकीसोबत धावली आणि ओरडून विचारलं, "काका, काऊन थांबत नाई तुम्ही?" चालक दचकला आणि त्यानं गाडी थांबवली. तो म्हणाला, फाट्यावर थांबलं की मागून येणारे ट्रक अंगावर येतात, वळण आहे, कोणी मेलं तर माझी नोकरी जाईल. त्याचं खरं होतं. मुलींनी थोडं अलीकडे, सरळ रस्त्यावर उभं राहायचं ठरवलं. तिथे एक दगड रंगवला. गाडी थांबू लागली.

वैशालीनं हे मॅडमना सांगितलं, तेव्हा त्या भुवया वर करून म्हणाल्या, "मंग?"

"मंग काय? थांबते ना आता."

"चालकाचं नाव काय?"

वैशालीला ते माहीत होतं. तिनं सांगितलं.

बारावी झाल्यावर आमची पांगापांग झाली, पण गाव सुटलं नाही. वैशाली पोलीस भरतीची तयारी करू लागली. पहाटे डांबरी रस्त्यावर धावायची. मी बुलढाण्याला रोज जाऊन-येऊन पुढचं शिकत होते. विशाल शेती पाहू लागला. सिद्धार्थ मोबाईल दुरुस्त करायला शिकला आणि स्टँडजवळ दुकान टाकून बसला. मॅडमच्या वर्गात दरवर्षी नवी मुलं येत होती. जुनी पण त्यांच्या ओट्यावर येऊन बसत, काही ना काही सांगत, आणि 'मंग' ऐकून परत जात.

मग कमान आली.

गावात शिरताना डांबरी रस्ता जिथे वळतो, तिथे कमान बांधायची असं ठरलं. दोन खांब उभे राहिले. आणि मग प्रश्न आला, वर नाव कोणाचं? आमच्या आळीला एका महापुरुषाचं नाव हवं होतं, वस्तीला दुसऱ्या. ती नावं मी इथे लिहीत नाही. दोन्ही माणसं इतकी मोठी आहेत की त्यांना आमच्या कमानीची काहीच गरज नव्हती. पण एका सकाळी एका बाजूच्या खांबावर फलक लागलेला दिसला, दुपारी तो फाटलेला दिसला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर एकमेकांना डिवचणारे स्टेटस होते. पुढच्या बाजाराच्या दिवशी स्टँडवर दोन्हीकडची पोरं समोरासमोर आली. आधी शिव्या झाल्या, मग दगड सुरू झाले.

सिद्धार्थचा धाकटा भाऊ अमोल या भांडणात कुठेच नव्हता. तो गिरणीतून सायकलवर दळणाचा डबा घेऊन येत होता. एक दगड त्याच्या डाव्या डोळ्याशी लागला. डबा उलटला. रस्त्यावर पीठ पसरलं आणि त्या पिठात तो पडला. मी दुसऱ्या दिवशी तिथून गेले, तेव्हाही रस्ता पांढरा दिसत होता.

पोलीस आले, गाडी स्टँडवर उभी राहिली. त्यानंतर जे झालं ते जास्त वाईट होतं, कारण त्यात आवाज नव्हता. कापूस फुटला होता. आमच्या आळीनं ठरवलं, वस्तीतल्या बायांना वेचणीला बोलवायचं नाही. वस्तीनं ठरवलं, बोलावलं तरी जायचं नाही. शेतात बोंडं लोंबत राहिली. वस्तीत चुली मंदावल्या. गिरणीवरच्या गड्यानं वस्तीतलं दळण घ्यायचं बंद केलं. त्या बाया डबे डोक्यावर घेऊन पार धामणगावला जाऊ लागल्या. कोणी कोणाला काही म्हणत नव्हतं. समोरून माणूस आलं की दुसऱ्या गल्लीत वळायचं, एवढंच.

एका सकाळी मोठे बाबा मॅडमच्या ओट्यावर गेले. मी अंगणात होते.

"मॅडम, पोट्टे तापेल हायेत. तुमी काही दिवस दुसरीकडे सोय पाहा."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "भाऊ, हे तुमाले वाटते का पोट्ट्याईले?"

मोठे बाबा ओट्याच्या कठड्यावर हात ठेवून उभे राहिले आणि मग आत गेले.

मॅडम वस्तीत जाऊन राहतील असं सगळ्यांना वाटलं. पण तिथल्या पोरांनीही त्यांना सुनावलं होतं. "इतके साल तुमी त्याईच्या गल्लीत राह्यल्या. आता सांगा, तुमी आपल्या का त्याईच्या?" त्या म्हणाल्या होत्या, "मी तुमचीच हाये. म्हणूनच इचारून राह्यले, पुढं काय करता?" ते उत्तर कोणाला आवडलं नव्हतं. दोन्हीकडून दार बंद झालेली ती बाई शेवटी शांताबाईंकडे, वैशालीच्या घरी गेली. त्यांचं घर माळ्यांचं, ना या आळीत ना त्या वस्तीत.

मोठ्या बाबांनी मॅडमची पेटी पोचवायला विशालला सांगितलं. पेटी त्याच्या डोक्यावर, मॅडमची पिशवी माझ्याकडे, आणि मॅडम मध्ये. सगळं गाव तेव्हा एकच विचारत होतं, दगड कोणी मारला? मला वाटलं त्याही तेच विचारतील. विशाल त्या दिवशी स्टँडवर होता हे सर्वांना माहीत होतं. पण त्यांनी विचारलं,

"अमोलचा डोळा कसा हाये?"

"मले काय माहीत?" विशाल म्हणाला.

"मंग इचारून ये."

विशाल थांबला. पेटी तशीच डोक्यावर. "मॅडम, मी तिथं गेलो तं मारतीन मले."

"मारतीन कदाचित," मॅडम म्हणाल्या. "मी खोटं कायले सांगू?"

शांताबाईंच्या ओसरीत पेटी ठेवून विशाल बाहेर आला, विहिरीच्या काठावर बसला आणि बराच वेळ खडे आत टाकत राहिला. मग मला म्हणाला, "कविता, तू येतं का?" वैशाली म्हणाली, "मी बी येतो." आम्ही तिघं दुपारच्या गाडीनं बुलढाण्याच्या दवाखान्यात गेलो.

वऱ्हांड्यातच सिद्धार्थ दिसला. विशालला पाहताच तो उठला आणि दोन्ही हातांनी त्याला ढकललं. विशाल भिंतीला आदळला. तो उलट अंगावर गेला नाही, हात उचलला नाही. वैशाली मध्ये पडणार तेवढ्यात आतून सिद्धार्थची आई आली.

विशाल म्हणाला, "कमलकाकू, डोळा कसा हाये त्याचा?"

ती बाई दारातच थबकली. आपल्या नावानं हाक मारणारा हा पोरगा कोण, हे तिला आठवायला एक क्षण लागला असावा. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "दिसन म्हणतात डॉक्टर. पण पयल्यासारखं नाई."

सिद्धार्थ अजून धापा टाकत होता. त्यानं विचारलं, "तू मारला?"

"नाई."

"कसम खा."

"मी नाई मारला. पण मी तिथंच होतो. ज्यानं मारला त्याले मी पाह्यलं."

मला कळलं, ज्यानं मारला तो आमच्याच आळीतला असणार, विशालच्या रोजच्या उठण्याबसण्यातला.

"मंग सांग," सिद्धार्थ म्हणाला.

"तुले नाई सांगत. तू जाऊन त्याले मारशील, मंग त्याचे भाऊ येतीन. पोलिसाईले सांगतो."

"सांगशील?"

"चाल माह्यासोबत."

ते दोघं त्याच संध्याकाळी ठाण्यात गेले. विशालनं नाव सांगितलं. आणि सिद्धार्थनं, त्याला कोणी विचारलं नव्हतं तरी, आपल्या बाजूनं पहिले दगड कोणी उचलले तेही सांगितलं. यानं गाव शांत झालं असं नाही. उलट दोघांच्याही दारात लोक भांडायला आले. विशालच्या मित्रांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. मोठे बाबा त्याच्या ताटाशेजारी जेवायला बसेनात. सिद्धार्थच्या दुकानावर त्याच्याच वस्तीतलं कोणी येईना. आता त्या दोघांना बोलायला एकमेकांशिवाय फारसं कोणी उरलं नव्हतं. म्हणून ते बोलू लागले. कधी शांताबाईंच्या ओसरीत, कधी दुकानात. वैशाली असायची, मी असायचे, हळूहळू आणखी पोरी आल्या, मग त्यांचे भाऊ आले. सगळे कधी ना कधी मॅडमच्या वर्गात बसलेले.

मॅडम त्याच घरात, पण त्या ओसरीत येत नसत. आत शांताबाईंना शेंगा फोडू लागत.

पोरांनी ठरवलं, कॉलेजच्या मैदानात सगळ्या गावाला बोलवायचं. अध्यक्ष मॅडमनी व्हावं म्हणून सगळे गेले, तर त्यांनी मान हलवली. "मी तिथं बसली तं तुमी सारे माह्या तोंडाकडे पाह्यसान." अध्यक्ष वैशाली झाली. बैठकीचा नियम तिनंच काढला आणि तो ऐकून आम्हालाच वाटलं की हे काही चालायचं नाही. नियम असा, की समोरच्या बाजूचा माणूस काय बोलला ते आधी आपल्या तोंडानं सांगायचं. तो 'हाव, असंच म्हणलो मी' म्हणाला, की मगच आपलं बोलायचं.

माणसं आली. पोरांच्या हट्टानं आली, काही नुसती तमाशा पाहायला आली. दोन्ही बाजूंनी मध्ये जागा सोडून बसली. मॅडम मागे, बायांमध्ये. सुरुवातीला फजितीच झाली. एका आजोबांना समोरच्याचं बोलणं पाचदा ऐकूनही सांगता येईना, कारण ते ऐकतच नव्हते. आपण काय बोलायचं ते मनात जुळवत होते. लोक हसले. आजोबाही हसले. त्या हसण्यानं जरा मोकळं झालं.

मग सिद्धार्थ बोलला. कमानीवर बोललाच नाही. तो म्हणाला, "कमान राहू द्या. माह्या भावाच्या डोळ्याले लागलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी माही माय दळण घेऊन गेली, तं गिरणीवर तिचा डबा पायानं बाजूले सरकवला. ती वापस आली अन् त्या दिवशी आमी भाकर नाई खाल्ली. पीठ नव्हतं म्हणून नाई. तिले चूल पेटवावी वाटली नाई."

त्यावर मोठे बाबा तावातावानं उठले. "माह्या गिरणीचं नाव कायले—"

"बाबा," वैशाली म्हणाली. ती उभी राहिली. "आधी तो काय म्हणला ते सांगा. मंग तुमचं."

सगळं मैदान मोठ्या बाबांकडे पाहत होतं. त्यांनी टोपी काढली, परत घातली. मग सुरू केलं. "हा म्हणते की... याच्या भावाले लागलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी याची माय माह्या गिरणीवर आली. अन् माह्या गिरणीवर तिचा डबा..." ते थांबले. "तिचा डबा पायानं..." पुढचं त्यांच्याच्यानं म्हणवेना. नुसते उभे राहिले. कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या, बसा." मोठे बाबा बसले नाहीत.

"असंच म्हणला ना तू?" त्यांनी सिद्धार्थला विचारलं.

"हाव."

"गड्याले मी सांगतलं नव्हतं," मोठे बाबा म्हणाले. आणि जरा वेळानं, "पण मले माहीत होतं. मी त्याले थांबवलं नाई."

एवढं बोलून ते बसले. त्यांचं स्वतःचं म्हणणं मांडायची पाळी होती, पण ते काही बोललेच नाहीत. मी मागे वळून मॅडमकडे पाहिलं. त्या मान खाली घालून बोटांनी जमिनीवर रेघा ओढत होत्या.

दुसऱ्या दिवशी गिरणी सगळ्यांसाठी चालू झाली. वेचणी आठवडाभरात सुरू झाली. पहिल्या दिवशी मोजक्याच बाया आल्या, मग वाढल्या. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. अमोलला डाव्या डोळ्यानं आजही धूसर दिसतं. केस चालू आहे. कमानीचे दोन खांब तसेच उभे आहेत, वर काही नाही. बाहेरगावचे लोक विचारतात आणि आम्ही हसतो. पण त्या वर्षापासून दोन्ही जयंत्यांना मिरवणुकीपुढे दोन्हीकडची पोरं-पोरी मिळून चालतात, आणि गाणं कोणतं लावायचं ते आधी बसून ठरवतात. भांडतात, पण बसून भांडतात.

त्या बैठकीनंतर काही दिवसांनी मी मॅडमना घेऊन शेतात गेले होते. बांधावर बसलो असताना मी शेवटी विचारलं. इतकी वर्षं त्यांनी आम्हाला विचारलं होतं, पण त्यांना कोणीच काही विचारलं नव्हतं.

"मॅडम, तुमाले ही सवय कशी लागली?"

त्या म्हणाल्या, "आमचं गाव तिकडे जानेफळकडे. मी लहान होते, फ्रॉक घालत असेन. एक दिवस बाबानं सामान ट्रकमधी भरलं. आजूबाजूच्या आमच्या वस्तीतल्या साऱ्याच घराईनं भरलं. वापस कधी गेलो नाई. मी मायले इचारलं, काय झालं? ती म्हणे, चूप बस. बाबाले इचारलं, मामाले इचारलं. साऱ्याईनं मले सांगतलं की आपल्याले गावातून काढलं. पण भांडण कायवरून झालं होतं ते कोणालेच नीट सांगता आलं नाई. कोणी म्हणे हिरीचं पाणी, कोणी म्हणे बैल, कोणी म्हणे लग्नातली वरात." त्या जरा हसल्या. "आता तं सारे मेले. मले अजून माहीत नाई."

त्यांनी बोंडातला कापूस काढून हातावर घेतला, त्यातली सरकी चाचपली आणि विचारलं, "ही कोणत्या जातीची हाये?" मला सांगता आलं नाही. आम्ही दोघी उठून विशालला विचारायला गेलो.

त्यांची बदली झाली आणि पुढे त्या निवृत्तही झाल्या. मोठ्या बाबांनी त्यांना खोली परत दिली नाही, त्यांनीही मागितली नाही. पण निरोपाच्या दिवशी मोठे बाबा स्टँडवर आले होते आणि गाडी निघेपर्यंत उभे होते. वैशाली आता पोलिसात आहे. सिद्धार्थ ग्रामपंचायतीत निवडून आला. त्याच्या प्रचाराला विशालचा ट्रॅक्टर होता, यावरून आमच्या घरात अजून टोमणे चालतात.

गेल्या हिवाळ्यात मी कामासाठी संग्रामपूरकडे गेले होते. मॅडम सोनाळ्याला भाचीकडे राहतात असं कळलं होतं, म्हणून वाट वाकडी केली. घरी त्या नव्हत्या. भाची म्हणाली, "मैदानात असतीन. आता कमी आयकू येते त्याईले, जरा जोरानं बोलजा."

मैदान गावाच्या कडेला होतं, पलीकडे सातपुड्याची निळी रेघ. तिथे कॉलेजच्या वयाची एक मुलगी, अंगात स्वेटर, कमरेला ओढणी बांधलेली, एका सायकलचं सीट मागून घट्ट धरून पळत होती. सायकलवर हिवराळे मॅडम होत्या. साडी खोचलेली, केस पार पांढरे. लहानपणी राहून गेलं होतं, आता शिकायचं म्हणून त्यांनीच त्या मुलीला गळ घातली होती, हे मला नंतर कळलं.

"खाली नोका पाहू आजी! समोर पाहा!" ती मुलगी ओरडत होती. "पायडल थांबवू नोका! कित्तीक डाव सांगू?"

"हो, हो," मॅडम म्हणत होत्या, आणि त्यांचा चेहरा एखाद्या नव्या विद्यार्थिनीसारखा घाबरलेला होता.

मी हाक मारणार होते. पण तेवढ्यात ती मुलगी पळता पळता हळू झाली. तिनं सीटवरचा हात काढला आणि थांबली. धापा टाकत कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि माझ्याकडे बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. मॅडमना काहीच कळलं नव्हतं. मागची पावलं थांबली हे त्यांना ऐकू गेलं नव्हतं. त्या थोड्या डुगडुगल्या, सावरल्या, आणि डोंगराच्या दिशेनं सरळ जात राहिल्या, मागच्या मुलीशी मोठ्यामोठ्यानं बोलत.